एसओपीत "अजून ठरलेलं नाही" असं खरं खरं लिहावं का?

सडाफुली

नमस्कार. मी कोल्हापूरची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालं आहे आणि या डिसेंबरात अमेरिकेतल्या पीएचडीसाठी अर्ज करते आहे. बाकी सगळं होत आलंय, पण एसओपीच्या (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबत का आणि काय शिकायचं हे सांगणारा निबंध) शेवटच्या परिच्छेदाशी अडून बसले आहे.

एम.एस्सी.चा प्रबंध पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरच्या वनस्पतींवर केला. सड्यावरच्या, म्हणजे पठाराच्या उघड्या कातळावरच्या, खडकांच्या फटीत काही गवतं आणि नेचे असे आहेत की उन्हाळ्यात पार वाळून कुरकुरीत होतात आणि पाऊस पडला की त्याच पानांनी पुन्हा हिरवे होतात. त्यांच्या पेशी इतक्या कोरड्या पडूनही मरत का नाहीत, हा एक प्रश्न. तो प्रयोगशाळेतला. सड्यावर ही झाडं नेमकी कुठे वाढतात, शेजारी कोण असतं, गुरं आणि पर्यटकांच्या गाड्या फिरल्या की त्यांचं काय होतं, हा दुसरा. तो पठारावर बसूनच सुटणारा. मला दोन्ही तितकेच ओढतात. पुढे प्राध्यापक व्हायचं की संवर्धनाचं काम करायचं, तेही ठरलेलं नाही.

एका समुपदेशकांना मसुदा दाखवला. त्यांनी शेवटी वाक्य घातलं, "पीएचडीनंतर मायदेशी परतून जागतिक दर्जाची संशोधन संस्था उभारणे हे माझे ध्येय आहे." म्हणाले, "नक्की माहीत नाही" असं दिसलं की अर्ज बाजूला जातो. ते वाक्य माझं नाही. ते तसंच ठेवून माझं नाव खाली टाकायला मन होत नाही. पण प्रवेश हुकायचीही भीती आहे. तुम्ही लोकांनी काय लिहिलं होतं?

निनाद_ठाणे

वाचतोय. मीही याच बोटीत, फक्त विषय कॉम्प्युटर सायन्स.

शुभदा_मिडवेस्ट

सडाफुली, मी अमेरिकेतल्या एका राज्य विद्यापीठात जीवशास्त्र शिकवते आणि प्रवेश समितीवर काम केलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझ्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पीएचडीनंतर काय करणार, आणि पीएचडीत काय करणार. पहिलीबद्दल माझ्या समितीतलं कुणीही कधी हट्ट धरलेला मी पाहिला नाही. पाच-सहा वर्षांनी तू कुठे असशील हे तुला माहीत नसणार, हे आम्हाला माहीत असतं. संस्था उभारण्याचं वाक्य इतक्या अर्जांत येतं की डोळा त्यावरून घसरून पुढे जातो. त्याने नुकसान होतंच असं नाही, पण तेवढी जागा वाया जाते.

दुसरी गोष्ट मात्र महत्त्वाची, आणि तिचं उत्तर तू कुठल्या प्रोग्रॅमला अर्ज करतेस त्यावर आहे. रेणवीय जीवशास्त्र, जैवरसायन अशा एकत्रित प्रोग्रॅममध्ये समिती प्रवेश देते. पहिल्या वर्षी विद्यार्थी साधारण तीन प्रयोगशाळांत आठ-दहा आठवडे काम करून बघतो (याला रोटेशन म्हणतात) आणि मग मार्गदर्शक निवडतो. तिथे दोन प्रश्नांत ओढाताण असणं हा दोष नाहीच, त्या व्यवस्थेची रचनाच त्यासाठी आहे. पण परिसंस्थाशास्त्र आणि उत्क्रांतीच्या बऱ्याच विभागांत थेट एका प्राध्यापकाकडे प्रवेश होतो. आधी ईमेल, मग झूमवर बोलणं, आणि तो प्राध्यापक "हिला मी घेतो" म्हणाला तरच पुढे सरकतं. त्याच्याकडचा पैसा बरेचदा एका ठरावीक प्रकल्पाचा असतो. "मला दोन्ही आवडतं" ऐकून त्याला लगेच प्रश्न पडतो, ही दुसऱ्या वर्षी माझा प्रकल्प सोडून जाईल का?

तेव्हा आधी यादी काढ. तुझ्या यादीतले कुठले प्रोग्रॅम पहिल्या प्रकारचे आणि कुठले दुसऱ्या?

आबा_सांगली

लेकी, मसाई पठारावर पीएचडी होणार असेल तर पन्हाळ्यावरच्या पिठलं-भाकरीचा खर्च स्टायपेंडमध्ये धरायला सांग. बाकी तरुण मंडळी सांगतीलच. शुभेच्छा!

लातूरकर

माझं मत वेगळं आहे आणि ते मांडतो.

शुभदाताई समितीच्या खुर्चीतून बोलताहेत. मी अर्जदाराच्या बाजूने बोलतो. "अजून शोधतोय" म्हणायची सवलत सगळ्यांना सारखी मिळत नाही. नामांकित संस्थेतून आलेल्या, उन्हाळ्यात परदेशी इंटर्नशिप केलेल्या पोराने लिहिलं की "मी अनेक दिशांनी विचार करतोय", तर वाचणारा म्हणतो, वा, जिज्ञासू आहे. तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्याने तेच लिहिलं तर वाटतं, याला काही कळलेलं नाही. माझ्या घरात कुणी दहावीपुढे गेलं नव्हतं. शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेलो तेव्हा साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, शिकून काय होणार आणि पगार किती? तिथे "ठरलेलं नाही" म्हणून बघा.

म्हणून मी ठाम लिहिलं. एमएसला जाताना पॉवर सिस्टिम्स म्हणून लिहिलं, तेच शिकलो, आज तेच करतो. पोरांना उगाच "मोकळेपणाने लिहा" सांगू नका. मोकळेपणाची किंमत ज्याची त्याला मोजावी लागते.

मुक्ता_हायडेलबर्ग

लातूरकर, सवलत सगळ्यांना सारखी नसते याच्याशी पूर्ण सहमत. पण तुम्हाला पॉवर सिस्टिम्सच करायचं होतं ना? मग तुम्ही खरंच लिहिलं. सडाफुलीचा पेच वेगळा आहे.

जर्मनीतलं सांगते. इथे पीएचडीची जागा बहुतेक वेळा नोकरीसारखी जाहिरात देऊन भरतात. प्रकल्प ठरलेला, निधी मंजूर, करार ठरावीक मुदतीचा. माझ्या मोटिव्हेशन लेटरमध्ये पुढच्या आयुष्याबद्दल एक ओळ नव्हती. हा प्रकल्प मला का हवा, त्यातलं कुठलं तंत्र मला येतं आणि कुठलं शिकावं लागेल, एवढंच. "येत नाही" असं स्पष्ट लिहिलेल्या तंत्राबद्दल मुलाखतीत सगळ्यात जास्त बोलणं झालं आणि ते चांगलं झालं. काही ग्रॅज्युएट स्कूलमध्ये इथेही रोटेशन असतं, पण सरसकट नाही. युरोपात अर्ज करणार असशील तर अमेरिकेचा एसओपी तसाच चिकटवू नकोस.

लातूरकर

मुक्ता, हो, ते खरं होतं हे मान्य. तरी माझा मूळ मुद्दा तोच: अनिश्चितता कोण दाखवतंय यावर ती कशी वाचली जाते ते ठरतं.

शुभदा_मिडवेस्ट

लातूरकर, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. माझ्यासमोर हे घडताना पाहिलंय. एकाच्या मोघम लिहिण्याला "व्यापक दृष्टी" म्हटलं गेलं आणि दुसऱ्याच्या मोघम लिहिण्याला "तयारी कमी". म्हणूनच माझा आग्रह असा की ज्याच्या मागे मोठ्या संस्थेचं नाव नाही त्याने मोघम अजिबात लिहू नये. पण मोघम आणि अनिश्चित यात फरक आहे हो. अनोळखी गावात एखादा "कुठे जाऊ?" विचारत उभा राहिला तर आपण काय सांगणार? "आधी स्टँडवर जाऊ की कचेरीत, कचेरी पाचला बंद होते ना?" असं विचारणाऱ्याला मात्र कुणीही मदत करतं. त्यालाही रस्ता माहीत नाहीच. पण तो काय शोधतोय हे दिसतं.

सडाफुलीकडे दोन नीट मांडलेले प्रश्न आहेत. तिच्या पहिल्या पोस्टमधला दुसरा परिच्छेद वाचा. ती समजते त्यापेक्षा खूप स्पष्ट आहे.

ग्रंथाळ

इरावती कर्व्यांची आठवण झाली. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानाची पदवी, मग मुंबईत घुर्यांकडे समाजशास्त्रात एम.ए., आणि १९२८ साली बर्लिनला गेल्यावर पीएचडी कशावर, तर माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या असमतेवर! मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची मांडणी होती की ही असमता वंशागणिक बदलते; ते इरावतीबाईंना मोजमापांत सापडलं नाही आणि त्यांनी तसं लिहिलं. परत आल्यावर आयुष्याचं मोठं काम केलं ते नातेसंबंध आणि कुटुंबव्यवस्थेवर. कवट्यांपासून कितीतरी लांब.

खुद्द घुर्यांचंही तसंच. संस्कृतचे एम.ए. पॅट्रिक गेडिस यांनी निवड केली म्हणून इंग्लंडला गेले, लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ हॉबहाऊस यांच्याकडे सुरुवात केली आणि मग केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे मानववंशशास्त्राला. दोघांनाही जाताना "तुमचं अंतिम ध्येय काय" असं विचारलं असतं तर उत्तर चुकलंच असतं.

कॅप्टन_नेने

ग्रंथाळ, उदाहरणं आवडली, पण ती मोठी झालेल्या माणसांची आहेत. दिशा बदलून कुठेच न पोचलेल्यांची चरित्रं कोण लिहितं? अशा गोष्टी ऐकून पोरांनी निवांत राहू नये.

ग्रंथाळ

कॅप्टन, रास्त. निवांत राहा असं म्हणायचं नव्हतं. त्या दोघांनी हातातलं काम मन लावून केलं म्हणून पुढचं दार उघडलं, इतकंच.

भीमाकाठ

ग्रंथाळ यांच्या यादीत बाबासाहेबांना घेतो, पण जरा वेगळ्या कारणासाठी. १९१३ साली ते कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. त्यासाठी करारनाम्यावर सही होती की शिक्षणानंतर संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची. पैसे देणाऱ्याला पुढचं पक्कं हवं होतं. आणि कोलंबियात? अर्थशास्त्र तर होतंच, शिवाय इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान, मिळेल तो वर्ग. १९१७ मध्ये बडोद्याला रुजू झाले तेव्हा जातीमुळे राहायला जागा मिळेना आणि नोकरी सोडून मुंबईला यावं लागलं. करार एका बाजूने कितीही पक्का असला तरी पुढचं कुणाच्या हातात होतं?

मला म्हणायचंय ते हे, की प्रश्न कोण विचारतंय ते बघा. शिष्यवृत्ती देणारा, बँक, व्हिसा अधिकारी आणि विद्यापीठ, चौघं दिसायला एकच प्रश्न विचारतात, पण प्रत्येकाला हवं असतं वेगळं. लातूरकरांच्या बँकेतल्या साहेबाला हप्ते फिटतील का हे हवं होतं. ते उत्तर उचलून एसओपीत टाकायचं कारण नाही.

लातूरकर

भीमाकाठ, हे पटलं. मनापासून.

केतकी_लीड्स

भीमाकाठ यांच्या मुद्द्याला जोड. चीवनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी मी अर्ज केला तेव्हा करिअरच्या योजनेवर वेगळा निबंध होता, आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. तिथे "बघू" चालत नाही. मी लिहिलं की पहिली दोन वर्षं जिल्हा पातळीवर पाण्याच्या नियोजनात काम करेन, हे नक्की. त्यानंतर सरकारी यंत्रणेत राहायचं की बाहेरून काम करायचं हे त्या अनुभवावर ठरेल, आणि कशाच्या आधारे ठरवेन तेही लिहिलं. जवळचं पक्कं, लांबचं सशर्त. दोन्ही खरं होतं. मुलाखतीत त्याच सशर्त भागावर खोदून विचारलं आणि मला बोलता आलं, कारण त्यावर मी खरंच रात्री जागून विचार केला होता.

निनाद_ठाणे

आणि व्हिसाचं काय? एसओपीत "ठरलेलं नाही" आणि व्हिसा खिडकीवर "परत येणार" असं झालं तर?

अमेय_रॅली

निनाद, एफ-१ हा अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याचा. कायद्यानुसार उलटं सिद्ध होईपर्यंत प्रत्येक अर्जदार कायमचा राहायला निघालाय असं धरूनच ते सुरुवात करतात. पण तिथे प्रश्न तुझ्या संशोधनाच्या दिशेचा नसतो. शिकायला चाललायस ना, पैसे कुठून येणार, भारतात तुझं काय आहे. पेशीवर काम करणार की पठारावर, याने तिथे काही बिघडत नाही. एकच बघ: दोन ठिकाणी एकमेकांना खोडून काढणाऱ्या गोष्टी सांगू नकोस. "प्राध्यापक की संवर्धन हे ठरायचंय" आणि "परत येणार आहे" यांत तसा काही झगडा नाही.

रेणुका

माझी मुलगी यंदा अर्ज करते आहे म्हणून वाचते आहे. पालक म्हणून एक सांगते. या पोरांना दहावीपासून आम्हीच विचारत आलो, "पुढे काय?" ठाम उत्तर दिलं की शाबासकी, घुटमळलं की काळजीचा चेहरा. मग त्यांना "माहीत नाही" हे शब्द लिहिताना हात थरथरणारच. सडाफुली, तुझ्या आईबाबांशी यावर बोललीस का?

सडाफुली

रेणुकाकाकू, बोलले. आई म्हणाली, खोटं लिहून गेलीस तर तिथे पाच वर्षं कुणाची म्हणून राहशील? बाबा म्हणाले, आधी प्रवेश मिळू दे. :)

शुभदाताई, यादी काढली. चार ठिकाणी रोटेशन आहे, तीन ठिकाणी थेट मार्गदर्शक. मला हा फरक माहीतच नव्हता, सगळीकडे एकच एसओपी पाठवणार होते. शेवटचा परिच्छेद नव्याने लिहिलाय, रोटेशनवाल्यांसाठी. मराठीत आशय देते:

"माझ्या प्रबंधातून दोन प्रश्न निघाले. वाळलेल्या पानांतली प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा पाणी मिळाल्यावर पुन्हा कशी उभी राहते, आणि हीच क्षमता असलेल्या जाती सड्यावर ठरावीक जागीच का आढळतात. पहिल्यासाठी मी आरएनए वेगळं करायला शिकले, पण आमच्याकडे पुढचं विश्लेषण करायची सोय नव्हती. दुसऱ्यासाठी दोन पावसाळे जमिनीवर मोजमापाची चौकट टाकून आतल्या वनस्पतींच्या नोंदी घेतल्या. यातला कुठला माझ्या पीएचडीचा गाभा असावा हे मी अजून ठरवलेलं नाही. पहिल्या प्रश्नावर मला स्वतःच्या हाताने पूर्ण विश्लेषण करून पाहायचं आहे, त्याशिवाय निवड करणं घाईचं होईल. संशोधन हेच काम मला करायचं आहे हे नक्की. ते पुढे विद्यापीठात असेल की संवर्धनाच्या क्षेत्रात, ते आज मी सांगू शकत नाही."

कसं वाटतं? शेवटची ओळ ठेवू?

मुक्ता_हायडेलबर्ग

समुपदेशकाच्या वाक्यापेक्षा शंभरपट चांगलं. हे वाचून तुझ्याशी बोलावंसं वाटतं.

शुभदा_मिडवेस्ट

फार छान. "आमच्याकडे पुढची सोय नव्हती" हे तर ठेवच. लातूरकरांनी म्हटलं ना, कुणाला काय मिळालं यावर वाचन ठरतं. मग काय मिळालं नाही ते तक्रार न करता एका ओळीत सांगितलेलं बरं. वाचणाऱ्याला तुझ्या प्रबंधाचं वजन कळतं.

दोन सूचना. त्या विद्यापीठातल्या दोन-तीन प्राध्यापकांची नावं यात यायला हवीत, आणि नुसती नावं नकोत. कुणाकडे रोटेशन केलंस तर तुझ्या कुठल्या शंकेचं उत्तर मिळेल ते लिही. आणि शेवटच्या ओळीत "सांगू शकत नाही" ऐवजी तू दोन्ही बाजूंना काय केलंयस ते टाक. संवर्धनाचं काही काम केलं आहेस का?

सडाफुली

हो, पठारावर गाड्या कुठपर्यंत येऊ द्याव्यात यासाठी गावातल्या लोकांबरोबर नकाशा केला होता. ग्रामपंचायतीत मांडलाही. ते मी लिहिलंच नव्हतं, कारण ते "संशोधन" नाही असं वाटलं.

लातूरकर

अगं ते पहिल्या परिच्छेदात घाल! नकाशा घेऊन ग्रामपंचायतीत उभी राहिलेली पोरगी "अजून ठरलेलं नाही" म्हणाली तर तिला कुणी कच्ची म्हणणार नाही. माझी हरकत इथे संपली.

कॅप्टन_नेने

+१. ते वाक्य सोनं आहे.

प्राची_एस

उशिरा आले, पण एक मुद्दा राहिलाय. शिफारसपत्रं! तुझ्या सरांनी पत्रात "ही उत्तम रेणवीय जीवशास्त्रज्ञ होईल" लिहिलं आणि एसओपीत तू दोन प्रश्नांत उभी, तर वाचणारा गोंधळेल. नवा मसुदा शिफारस देणाऱ्या तिघांनाही पाठव आणि दोन ओळीत सांग की दोन्ही कामांबद्दल लिहाल का. मी हे केलं तेव्हा माझ्या मॅडमनी फील्डवर्कचा असा एक प्रसंग लिहिला की मुलाखतीत त्यावरच पहिला प्रश्न आला.

मुलाखतीचं आलंच म्हणून: रोटेशनवाल्या बऱ्याच ठिकाणी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती होतात, चार-पाच प्राध्यापक एकामागून एक बोलतात. तिथे उसनं ध्येय टिकत नाही. "संस्था उभारायची" म्हटलंस तर कुणीतरी सहज विचारेल, कशी? पैसा कुठून? आणि तू त्यावर एक मिनिटही विचार केलेला नसेल.

निनाद_ठाणे

शुभदाताई, थेट मार्गदर्शकवाल्या तीन ठिकाणी मग तिने काय करावं? तिथे तर दोन्ही लिहून चालणार नाही म्हणालात.

शुभदा_मिडवेस्ट

बरं झालं विचारलंस. तिथे पठाराचा प्रश्न पुढे ठेवायचा, कारण त्या विभागांत तोच बसतो. हे खोटं होत नाही, तो प्रश्न तिचा आहेच. पेशींचा प्रश्न एका वाक्यात: याच जातींच्या शरीरक्रियेबद्दल कुतूहल आहे, विभागात कुणाबरोबर सहकार्य करता आलं तर आवडेल. आणि खरी अनिश्चितता ईमेलवर किंवा झूमवर त्या प्राध्यापकाला तोंडाने सांगायची. "मी दोन्हींत रमते, तुमच्याकडे प्रयोगशाळेच्या कामाला किती वाव आहे?" ज्याला ते चालत नाही तो तेव्हाच नाही म्हणेल, आणि तिचे अर्जाचे पैसे वाचतील. सडाफुली, फी माफी मिळते का तेही त्या विभागाच्या समन्वयकाला विचार, बऱ्याच ठिकाणी तशी सोय असते, पण अंतिम तारखेच्या आधी विचारावं लागतं.

सडाफुली

त्या तिन्ही ठिकाणच्या प्राध्यापकांना आजच ईमेल पाठवते. ताई, विषयाच्या ओळीत काय लिहू? "प्रॉस्पेक्टिव्ह पीएचडी स्टुडंट" एवढंच लिहिलं तर उघडतील का?

शुभदा_मिडवेस्ट

त्यापुढे "वाळून पुन्हा हिरव्या होणाऱ्या वनस्पती, पश्चिम घाट" एवढं इंग्रजीत जोड. मी तरी नक्की उघडेन. ईमेल दहा ओळींच्या वर नको, सीव्ही जोड, आणि दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर. संकोच करू नकोस.